डोळेबाई

डोळेबाईंसमोर बसून पेपर वाचायची सोय नव्हती. आपण आपली बातमी वाचतोय, आणि समोर एक ठेंगणी, सुती साडीतली, चष्मा कपाळावर चढवलेली बाई आपल्या डोळ्यांकडे टक लावून पाहतेय, असं व्हायचं. पाहणं पण कसं, अगदी बिनधास्त! एस.टी. स्टँडवर, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, लग्नात पत्रिका चाळणाऱ्या पाहुण्यापुढे. कोणी काही वाचायला घेतलं की या खुर्ची ओढून समोर हजर. एकदा राजापेठेत चहाच्या टपरीवर एका गृहस्थांसमोर त्या अशाच बसल्या, तर त्यांच्या मिसेस रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "काय वो बाई, घरी कोणी नाही का तुमच्या?" डोळेबाई शांतपणे म्हणाल्या, "थांबा नं जरा. तुमचे मिस्टर पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येऊन राहिले. त्याईले लेख समजून नाही राहिला." मिस्टरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी बाजूलाच उभी होते, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं.

त्या अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. माणूस वाचतो तेव्हा त्याचे डोळे काय करतात आणि मेंदू काय करतो, हे त्यांचं संशोधन. पोरांनी नाव ठेवलं डोळेबाई. त्यांचे लेख परदेशात छापून यायचे, पण गावाला त्या नक्की काय करतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारपाजारचे लोक चष्म्याचा नंबर काढून मागायचे. स्टाफरूममधल्या एका प्राध्यापकांनी तर सासूच्या मोतीबिंदूचे रिपोर्ट आणून पुढ्यात ठेवले. मॅडमनी ते नीट उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "सासूबाईले म्हणा, पिकू द्या अजून." तो बिचारा धन्यवाद म्हणून गेला!

मी अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली आणि तोंडानं फटकळ. पीएच.डी.साठी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा सगळी तयारी करून गेले होते. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. हातात पेपर दिला, म्हणाल्या, वाच. मी मनात वाचत होते आणि त्या माझ्या डोळ्यांत पाहत होत्या. पान संपल्यावर म्हणाल्या, "लहान शब्द गाळून उड्या मारते तू. एवढी घाई कायची? लग्न ठरून राहिलं का तुह्यं?" मी भडकून म्हटलं, "नाही ठरलं, आणि ठरवायला मी इथं आले नाही." त्या खदखदून हसल्या. "हे बरं हाय. वैशाली नं तू? ये सोमवारपासून, वैशाले." मग मी वर्षानुवर्षं त्यांच्याच मागे राहिले. लग्न झालं, अकोल्यात डी.एड. कॉलेजात नोकरी लागली, तरी सुट्टी आली की माझी बॅग अमरावतीच्या गाडीत.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर, आणि हनुवटी टेकवायचं लोखंडी स्टँड. शाळांमधली लेकरं तिथं हनुवटी टेकून बसायची आणि समोर शब्द यायचे. मॅडम सांगायच्या, डोळे ओळीवरून घरंगळत जात नाहीत, चिमणी दाणे टिपते तसे उड्या मारत जातात. उडीतून सुटलेलं मन भरून घेतं. लेकरू आधी एकेक अक्षर लावतं, क, म, ळ. आणि मग एक दिवस अक्षरं दिसेनाशी होतात आणि कमळ अख्खं उभं राहतं, एका नजरेत. तो दिवस कसा येतो, कोणाला येतो, कोणाला का येत नाही, यात त्यांचं आयुष्य गेलं. मोठ्या शहरांतून बोलावणी आली, तेव्हा म्हणाल्या, "तिकडच्या लेकरांसाठी लई लोक हायेत. माह्ये लेकरं इथं हायेत."

वीज जायची म्हणून त्यांनी कॉम्प्युटरबरोबर पुठ्ठ्याचे पत्तेही करून ठेवले होते, एकावर एक शब्द. त्या पत्त्यांचे दोन नियम होते, आणि ते मोडणाऱ्याची खैर नसे. पहिला नियम, प्रत्येक लेकराआधी गठ्ठा पिसायचा. त्यांनी केलेली मूळ यादी कमळ, पाटी, विहीर, जहाज अशी चालायची, आणि ती आम्हा दोघींना नमस्काराच्या श्लोकासारखी पाठ होती. "तोच क्रम ठेवला तर लेकरू आठवणीनं सांगते, वाचत नाही. आन् आपण उड्या मारतो का वाचून राहिलं म्हणून." दाराशी आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "गठ्ठा पिसला का?" त्यांचे धाकटे भाऊ बार्शीटाकळीहून भाजी घेऊन यायचे, ते मला म्हणायचे, "आमची बाई कॉलेजात जुगार खेळते का वं?"

दुसरा नियम मला जड गेला. लेकरू चुको की बरोबर येवो, आपण एकाच आवाजात म्हणायचं, "बरं. पुढं." चेहऱ्यावर काही नाही. एका मुलीनं अडखळत अडखळत 'विहीर' लावलं तेव्हा माझ्या तोंडून "शाब्बास गं माझी राणी!" निघून गेलं. मॅडमनी मला बाहेर नेऊन झापलं. "तू शाब्बास म्हटलं का लेकरू तुह्या तोंडाकडे पाहून वाचते. मंग कागद कायले पाहिजे?" मी म्हटलं, "तुम्हाला काळीज नाही मॅडम." म्हणाल्या, "हाय. पण प्रयोगाच्या खोलीत चप्पल आन् काळीज बाहेर ठेवत जाय."

काळीज किती होतं ते मला एकदाच त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील बार्शीटाकळीला भाजीपाला आणि शेवंती लावायचे. त्यांना वाचता यायचं नाही, आणि फार हौस. शाळेत जाणारी ही पोरगी संध्याकाळी वाफ्याच्या मातीवर काडीनं अक्षरं काढून बापाला शिकवायची. "सगळे अक्षरं आले त्याले. एकेक बरोबर सांगे. क सांगे, म सांगे, ळ सांगे, आन् माह्याकडे पाहे. म्हणे, आता हे मिळून काय झालं ते तूच सांग. अखेरपर्यंत शब्द काही आला नाही त्याले. मले वाटे मीच शिकवून नाही राहिली बरोबर." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला आणि मला कामाला लावलं.

निवृत्त झाल्या तरी त्या पोरांचे प्रबंध तपासायच्या. लग्न केलेलं नव्हतं, राजापेठेत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. एका सकाळी त्यांचा फोन आला, आवाज तापलेला. "वैशाले, त्या पोराले काही लाजबिज हाय का नाही? काय लिहून पाठवलं हे! पूर्ण पान पाहिलं, एक शब्द लागून नाही राहिला." मी हसले. म्हटलं, मॅडम, त्याचं नेहमीच तसं असतं. पलीकडचा आवाज एकदम उतरला. मग हळूच म्हणाल्या, "तसं नाही वं. मी दुसऱ्याचं बी काढून पाहिलं. माह्यं सोताचं बी पाहिलं. फोनातलं तुह्यं नावही मले लागून नाही राहिलं. बोटाच्या सवयीनं लावला." माझ्या हातातलं पोळीचं पीठ तसंच राहिलं, तशीच मी स्टँडवर गेले.

मेंदूच्या मागच्या भागात रक्त पोचलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, हातपाय चांगले आहेत, बोलणं चांगलं आहे, उजवीकडचं दिसणं गेलंय, आणि वाचणं. मी त्या डॉक्टरवर ओरडले की हे थोडक्यात कसं हो? त्या बिचाऱ्याला काय माहीत! देवाचा मला आजही राग येतो. घ्यायचंच होतं तर पाय घ्यायचे होते. या बाईचं नेमकं हेच कसं सापडलं त्याला?

मॅडम मात्र पलंगावर बसून म्हणाल्या, "पेन दे." आणि त्यांनी लिहिलं. सुंदर, टपोरं, नेहमीचं अक्षर, वेलांटी नाही चुकली. लिहून झालं, आणि कागद समोर धरून पाहत बसल्या. डावीकडून पाहिला, लांब धरून पाहिला. मग माझ्याकडे दिला. "वाच. मी लिहिलं तेच हाय का ते?" त्यावर लिहिलं होतं, लिहिणारी मी आणि वाचता न येणारीही मीच. मी वाचून दाखवलं. "हो नं, हेच लिहिलं मी," म्हणाल्या. असं होतं हे त्यांनी आम्हाला वर्गात शिकवलेलं होतं. लिहिणं शाबूत आणि वाचणं गेलेलं, असाही माणूस असतो म्हणून. तो माणूस समोर बसला होता आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

काही आठवडे गेले. भाऊ बार्शीटाकळीचं शेत मुलावर सोडून बहिणीपाशी येऊन राहिले होते. मॅडम बोटानं अक्षरं गिरवून गिरवून एकेक लावायला शिकत होत्या, पहिलीतल्या पोरासारखं. एका दुपारी म्हणाल्या, "आज माह्यावर प्रयोग कर. पत्ते काढ. नियमानं करजो, लाड नको." मी आतल्या खोलीत जाऊन गठ्ठा नीट पिसला. त्यांना उजवीकडचं दिसत नव्हतं म्हणून पत्ते डावीकडे धरले. भाऊ मेथीची जुडी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

पहिला पत्ता योगायोगानं कमळच निघाला. त्यांनी मांडीवर बोटानं गिरवलं. "क... म... ळ. कमळ." खरंच वाचलं! मी म्हटलं, "बरं. पुढं." दुसरा पत्ता होता दगड. त्यांनी डोळे बारीक केले, आणि म्हणाल्या, "पाटी." मी म्हटलं, "बरं. पुढं." तिसरा पत्ता मुंगी. "विहीर," त्या म्हणाल्या. या वेळी बोट हललंसुद्धा नाही. चौथ्या पत्त्याला जहाज म्हणाल्या. मूळ यादी चालू होती, जशीच्या तशी, आणि माझ्या हातात पत्ते भलतेच. त्यांचा आवाज चढत गेला, गाल लाल झाले, शब्द सुटायला लागले एकामागोमाग एक, न अडखळता, शाळेतल्या हुशार पोरीसारखे. "वाचून राहिली नं वं! बाई वाचून राहिली!" म्हणत भाऊ मेथी खाली टाकून रडायलाच लागले. "मी पेढे आणतो!" म्हणून चप्पलही न घालता जिना उतरले. आणि मी एकाच आवाजात म्हणत होते, बरं, पुढं, बरं, पुढं. तो आवाज मी कसा काढला, माझं मला माहीत.

गठ्ठा संपला. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी पत्ते उपडे ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते हसू हळूहळू उतरलं.

"गठ्ठा पिसला होता?"

"हो मॅडम."

खाली रस्त्यावर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिच्या किका ऐकू येत होत्या. उपड्या गठ्ठ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "म्हणजे पाटी नव्हती."

"नव्हती."

"मले दिसत होती वं वैशाले. आईची आण. स्पष्ट दिसत होती पाटी."

मी त्यांचे हात धरले आणि रडले. नियम गेला चुलीत. त्या रडल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "लिहून घे. पहिला शब्द अक्षरं लावून वाचला. पुढचे मनानं भरले, आन् रुग्णाले ते वाचल्यासारखंच वाटलं. हे महत्त्वाचं हाय, हे गाळू नको." आणि मी, नाक ओढत, लिहून घेतलं. तेवढ्यात भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन धापा टाकत वर आले. मॅडमनी मला डोळ्यांनीच दटावलं. भावानं पेढा तोंडापाशी नेला, त्यांनी तोंड उघडलं. "गोड हाय," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी पत्ते मागितले नाहीत. मी म्हटलं, मॅडम, आता फोन वाचून दाखवतो, काहीही ऐका. म्हणाल्या, "फोन वाचते, मी ऐकते. त्यात मी वाचून राहिली का?" मग मी त्यांना वाचून दाखवायची, फोनवर, समोर बसून, जमेल तसं. त्या ऐकायच्या, दुरुस्त्याही सांगायच्या. मधूनच थांबवायच्या. "मले पुस्तकं नको वैशाले, लेख नको. एक शब्द पाहिजे. अख्खा, एका नजरेत. मरायच्या आधी एकच." मी म्हणायची, येईल हो. त्या म्हणायच्या, "बापालेही मी असंच म्हणत होती."

शेवटचं मी त्यांना डॉक्टरकडे नेलं ते मे महिन्याच्या उन्हात. परत येताना ऑटोत त्या डावीकडे बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, थकलेल्या. राजापेठेच्या गर्दीत ऑटो थांबत, सरकत चालला होता. मी पर्समध्ये गोळ्यांची चिठ्ठी शोधत होते. आणि त्या म्हणाल्या, "रफू."

मी वर पाहिलं. "काय म्हटलं मॅडम?"

"रफू." त्यांचा चेहरा काही वेगळाच झाला होता. "बोट नाही लावलं. अक्षर नाही लावलं. एकदम आला वं! दुकानावर होता, रफू. आला आन् गेला."

मी मान वळवून पाहिलं, पण तोवर ऑटो पुढं गेला होता, मागं नुसत्या पाट्याच पाट्या. मी ड्रायव्हरला ओरडले, "दादा, मागं घ्या, मागं घ्या!" तो म्हणाला, "ताई, येथून कसा घेऊ मागं?" मी उतरायला निघाले. पाहायला नको? असली पाहिजे ना पाटी? तर मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. आयुष्यभर मला 'पाहिल्याशिवाय मानू नको' म्हणत आलेली ही बाई.

"नको पाहू," म्हणाल्या. "राहू दे."

"पण मॅडम..."

"राहू दे म्हटलं नं पोरी."

घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. जिना चढताना दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा स्वतःशीच तो शब्द म्हणाल्या.

पुढं भाऊ त्यांना बार्शीटाकळीला घेऊन गेले. तिथंच पावसाळ्यात दुसरा झटका आला, आणि या वेळी डॉक्टरला काही म्हणायला वेळच मिळाला नाही. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. डोळे मिटलेले होते. मी त्यांच्या पायाशी बसून मोठ्यानं रडले, लोक पाहत होते, पाहू देत. भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "वैशालीबाई, वाचाले लागली होती नं थोडीशी? मले म्हणे, एक आला." मी म्हटलं, "हो भाऊ, आला होता." मला ठाऊक नाही आला होता की नाही. त्या रस्त्यानं त्या अर्धं आयुष्य गेल्या-आल्या होत्या. पाटी असली तरी ती डोळ्यांनी वाचली की आठवणीनं दाखवली, कोण सांगणार? आणि नसलीच तर?

कॉलेजात शोकसभा ठेवली तेव्हा मी अमरावतीला गेले. स्टँडवरून ऑटो केला. आता सोपं होतं. उजेड होता, वेळ होता, डावीकडं बसायचं आणि पाट्या वाचत जायचं, एवढंच काम. त्यांच्या कोणत्याही विद्यार्थिनीनं तेच केलं असतं. राजापेठ आलं, गर्दीत ऑटो मंदावला, आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं असावं. "ताई, चक्कर येऊन राहिली का? थांबवू का इथं?"

"नाही दादा," मी म्हटलं. "राजापेठ गेलं की सांगा."